ताईचं स्टेटस

लेकीचा तिसरा वाढदिवस आम्ही इथे जर्मनीत, लायपझिगला चौघांत केला. संध्याकाळपर्यंत सांगलीत त्याचा फ्लेक्स तयार! माझ्या ताईने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला फोटो ठेवला, भाच्याने तो उचलून खाली नाव, आडनाव, जन्मतारीख आणि अकरा शुभेच्छुक टाकले आणि तो तीन ग्रुपांवर फिरला. पोरीला ओळखणारे त्यात जेमतेम चार.

त्याच आठवड्यात बालवाडीने एक फॉर्म दिला होता. मुलाचा फोटो त्याच्या कोटाच्या खुंटीवर लावायचा का, भिंतीवर लावायचा का, इतर पालकांना द्यायचा का, वेबसाइटवर टाकायचा का? प्रत्येकाला वेगळं हो-नाही आणि सही आई-बाबा दोघांची. गेल्या वर्षीच्या सहलीच्या फोटोत एका मुलाच्या चेहऱ्यावर पिवळा गोल स्टिकर आहे. आईवडिलांनी 'नाही' लिहिलं होतं, संपला विषय.

परवानगीचं हे खूळ फेसबुकमुळे आलेलं नाही. 1898 साली जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर खिडकीतून आत शिरले आणि प्रेताचा फोटो काढून विकायला निघाले. त्या प्रकरणातूनच 1907चा कायदा आला: ज्याचा फोटो, त्याची परवानगी.

आपल्याकडे वाद होतो तो कंपन्यांशी. 2021मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अटी बदलल्या तेव्हा आमचा सगळा गोतावळा सिग्नल या दुसऱ्या अ‍ॅपवर गेला आणि पंधरा दिवसांत परतला. 2017मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, 2023मध्ये कायदाही झाला. पण घरगुती वापर त्या कायद्यातून वगळलाय, युरोपच्या कायद्यातूनही. म्हणजे ताई दोन्हीकडून सुटली! माझं म्हणणं एवढंच, की झुकरबर्गला शिव्या घालताना आपण स्वतःला सोडून देतो. फोटो त्याने मागितला नव्हता, आपण नेऊन दिला. मी तरी कुठला सोवळा? फेसबुकच्या आधीच्या त्या ऑर्कुटच्या दिवसांत हॉस्टेलवर रात्र रात्र लोकांची स्क्रॅपबुकं, म्हणजे त्यांना आलेले निरोप, वाचायचो, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

जर्मनांचंही फार कौतुक नको. इथे पत्ता नोंदवायला गेलात की धर्म विचारतात, कारण चर्चचा कर पगारातून कापायचा असतो. इमारतीच्या दारावर प्रत्येक बेलशेजारी आडनाव. आणि फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिणारी आमची शेजारीण दुकानात दहा सेंटच्या पॉइंटांसाठी कार्ड पुढे करते, म्हणजे ती काय खाते ते सगळं कुणीतरी लिहून घेतंय.

तरी तो फॉर्म मला आवडतो. विचारतात, म्हणून.

हे ताईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली रे तिला मांडीवर घेऊन. स्टेटसला ठेवते तेव्हा शेजारच्या काकू विचारतात, भाची केवढी झाली म्हणून. तेवढंच बोलणं होतं तिच्याबद्दल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लपवण्यासारखं काय आहे, असं ती म्हणाली असती तर बिस्मार्क सांगितला असता.

दिवाळीत तिने पुन्हा स्टेटस ठेवलं. या वेळी पोरीच्या चेहऱ्यावर एक भलामोठा लाडू चिकटवलेला. खाली नाव मात्र पूर्ण, आडनावासकट.