वूफरच्या खोक्याला हवा

पिकअपच्या सीटमागे एक वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, बसवायचा होता. एवढीच हौस. दिवसभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरायचे आणि बार्शी-पंढरपूर करत फिरायचं, तर निदान ढोलकीचा घुमारा तरी नीट ऐकू यावा. तयार खोकी मिळतात ती कारच्या डिकीची. आमच्या सिंगल केबिनला कुठली डिकी? सीटच्या पाठीमागे वर चार इंच, खाली सहा इंच अशी तिरकी फट, तिच्यात बसेल असा स्लिम दहा इंची वूफर आणला आणि खोकं करायला सुताराकडे गेलो.

वूफरच्या कागदावर सगळं छापलेलं होतं. खोकं बंद हवं, आत अर्धा घनफूट जागा, भोक सव्वानऊ इंच. वरच्या-खालच्या खोलीची सरासरी काढून, १८ एमएम एमडीएफची जाडी दोन्हीकडून वजा करून मी मापं फळीवरच लिहून दिली. मिस्त्रीने मान डोलावली.

पण त्याच्या दुकानात एक आजोबा बसतात. गिरणीतून रिटायर झालेले. त्यांना दुकानात काही काम नसतं, म्हणून प्रत्येक कामात त्यांचं काम असतं.

"काय करलालाव मालक? कोंबड्या पाळलालाव काय?"

"स्पीकरचं खोकं आहे, आजोबा."

"किती इंची?"

"दहा."

"मग भोक सव्वानऊ का? पाऊण इंच कुणी खाल्लं?"

स्पीकरची कड फळीवर टेकावी लागते, स्क्रू तिथंच बसतात, दहाचं भोक पाडलं तर स्क्रूला लाकूडच उरत नाही, असं मी समजावलं. आजोबांनी टेप मागवला. स्पीकर स्वतः मोजला. मग माझ्याकडे न बघता मिस्त्रीला म्हणाले, "पैशे मात्र धाचेच घेतले बे ह्यांच्याकडनं."

नंतर ते खोक्याभोवती एक फेरी मारून आले. "मागनं आवाज कुठनं निघणार?"

"निघायचाच नाही. पडदा पुढं जातो तेव्हा मागं बरोबर उलटी लाट तयार होते. दोन्ही एकत्र आल्या की बेस मरतो. शिवाय आत कोंडलेली हवाच पडद्याला आवरते."

एप्रिलमध्ये, पत्र्याखाली, सोलापुरात हे व्याख्यान मी उभ्याने दिलं. आजोबांनी तंबाखू मळली.

"गिरणीचा भोंगा ऐकलाव काय कधी? त्याला भोक नसतं तर वाजला असता काय?"

भोंग्यावरून गाडी जुन्या गिरणीवर गेली. ती १८७७ची, मग पाळ्या, जॉबरचा म्हणजे खात्याच्या मुकादमाचा दरारा, कँटीनची भजी. अर्धा तास गेला. भजी ऐकून मिस्त्रीनेही करवत खाली ठेवली. परत आले ते थेट डीजेवर. "गणपतीत बघा, हात जाईल एवढं भोक असतंय खोक्याला."

दुर्दैवाने हे खरं होतं. तशी खोकी असतात, पण तिथं भोकाचा व्यास आणि नळीची लांबी हिशेबाने ठरवतात. मर्जी झाली म्हणून पाडत नाहीत. मी मिस्त्रीला स्पष्ट सांगितलं, आपलं बंदच. तेवढ्यात गोडाऊनमधून फोन आला, म्हणून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

आलो तर खोक्याच्या पाठीत एक इंची भोक. भुसा अजून कडेला चिकटलेला.

"हवेला ठेवलंय," मिस्त्री म्हणाला. "आजोबा म्हणले, कोंदटतंय."

फळी माझी, पैसे माझे, माप माझं, आणि शब्द चालला तो ज्याने कधी तिथे एक खिळा विकत घेतला नाही त्याचा. हे काही सुताराकडेच होतं असं नाही. बँकेत फॉर्म भरताना मागचा माणूस माझा रकाना वाचून दाखवतो, आणि काउंटरवरचा त्याचंच ऐकतो. खरं सांगतो, यात मला हसू येत नाही. खिशातून पैसे काढणाऱ्याला कुणी विचारतच नाही.

गुटका कापून, फेव्हिकॉल लावून, वरून सिलिकॉन भरून भोक बुजवलं. बिलात दोन ओळी आल्या: भोक पाडणे ५० रुपये, भोक बुजवणे १०० रुपये.

"पाडायला मी सांगितलं होतं का?"

"पाडलं नसतं तर बुजवलं कशाला असतं ओ?" मिस्त्री म्हणाला. याला उत्तर काय देणार? पाडायचे पन्नास कापून घेतले, बुजवायचे दिले.

गाडीत बसवून गाणं लावलं. बेस छान, घट्ट आला. न बोलावता आजोबा केबिनमध्ये चढले, डोळे मिटून एक कडवं ऐकलं आणि खाली उतरून मिस्त्रीला म्हणाले, "बघ. भोकानं कसा मोकळा झाला आवाज."

मिस्त्री म्हणाला, "मग!"