नानांची राणी

गोव्याला जाऊन समुद्राकडे पाठ करून उभा राहिलेला आमच्या अमळनेर तालुक्यातला मी बहुधा पहिलाच जावई.

भुसावळहून गोवा एक्स्प्रेसची तिकिटं काढल्याची बातमी सासरी पोचली आणि त्याच संध्याकाळी नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला.

"जावईबापू, वास्कोलाच उतरताय ना? मग शेजारीच बोगमाळोला आमची राणी उभी आहे. तिचा एक बरासा फोटो काढून आणा."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "झालं. आली सवतीची आठवण."

ही सवत चार इंजिनांची आणि तीन शेपट्यांची आहे. सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियानं या जातीच्या विमानांना राण्यांची नावं दिली होती. एक झाशीची, एक अजिंठ्याची, एक वेरूळची. प्रवासी वाहून झाल्यावर त्यातली काही हवाई दलात गेली, १९७६ साली नौदलाकडे आली आणि समुद्रावर टेहळणी करत हिंडू लागली. १९८३ साली तीही नोकरी संपली. नाना तेव्हा गोव्यात नौदलात होते. राणीला धुणं, पुसणं, तेल पाजणं ही कामं त्यांची. सासूबाई त्या काळात गावी दादर ज्वारी खुडत होत्या, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत.

गावात नाना राणीला 'आपल्या अजिंठ्याची पोर' म्हणतात. अजिंठा आमच्या जळगाव स्टेशनावरूनच गाठायचा असतो, त्यामुळे गावानंही तिला माहेरवाशीण मानून टाकलंय. खरं अजिंठा नाव हिचंच होतं की हिच्या बहिणीचं, असल्या चौकशा माहेरवाशिणीच्या बाबतीत कुणी करत नाही.

नानांच्या सूचना सोप्या होत्या. नाक आलं पाहिजे, तिन्ही शेपट्या आल्या पाहिजेत, चारही इंजिनं मोजता आली पाहिजेत. एकाच फोटोत.

बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय १९९८ सालचं. बरीच विमानं उघड्यावरच उभी आहेत. त्यात नानांची राणी ११३ फूट लांब, आणि पंखांचा पसारा १२३ फूट. माझा फोन सहा इंचांचा. नाक घेतलं की शेपटी जायची, शेपटी घेतली की नाक. थंडीत आखूड गोधडी मिळालेल्या माणसाचे हाल असतात, तसे माझे भर दुपारी बारा वाजता चालले होते. मी मागे सरकत गेलो. एक झाड आलं, त्याच्या मागे गेलो, तर राणीसमोर झाड. आणखी मागे गेलो तर पहारेकरी.

"साहेब, कॅमेरा पलीकडे नका फिरवू. तिकडे विमानतळ आहे."

"मी फक्त मागे सरकतोय."

"कुठपर्यंत सरकणार?"

"नाना म्हणतील तिथपर्यंत."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्यालाही सासरे असावेत.

शेवटी दुरून जमेना म्हणून जवळ गेलो. जवळून ती वेगळीच दिसते. एकेका खिळ्याखालून पावसाच्या पाण्याचा करडा ओघळ उतरलेला, काजळ पसरल्यासारखा. एका इंजिनाच्या फटीतून वाळकं गवत लोंबत होतं आणि साळुंकी आणखी एक काडी घेऊन आली होती. पोटाजवळ रंगाचे पोपडे सुटले होते. खारी हवा ॲल्युमिनियमवर तांबडा गंज चढवत नाही, पांढरी भुकटी आणते. बोटाला लागली ती अगदी पापडखारासारखी होती. चव घ्यायचा मोह झाला; बायकोनं हात धरला.

"आता समुद्रावर चला," ती म्हणाली. मी म्हटलं, एकच पॅनोरमा.

फोन डावीकडून उजवीकडे फिरवत होतो, तेवढ्यात ती वैतागून समोरून चालत गेली. नंतर बघतो तर राणी केळ्यासारखी वाकलेली आणि इंजिनं पाच.

परतल्यावर नानांच्या ओट्यावर परीक्षा बसली. नानांनी बोटांनी फोटो असा ताणला की शेवटी नुसते चौकोन उरले.

"पाचवं इंजिन कुठून आणलं?"

मी गप्प.

"याला तीन शेपट्या कशाला भो?" शेजारच्या आप्पांनी विचारलं.

"एकच ठेवली असती तर उंच झाली असती. हँगरच्या दारातून जाती का मग? म्हणून उंची तिघींत वाटून दिली."

"आमच्या वाटणीत असं कुणाला सुचलं नाही," आप्पा म्हणाले.

नाना पुन्हा फोटोंकडे वळले. "खाली तेलाचा डाग कुठाय?"

"डाग नव्हता नाना. एकदम स्वच्छ."

"ही इंजिनं गळायचीच, बापू. डाग नाही म्हणजे आत तेलच नाही." मग ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

सासूबाईंनी चहाचे कप ठेवता ठेवता फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि पोपड्यांचा फोटो बराच वेळ बघितला. "रंग उडालाय हिचा," त्या म्हणाल्या. त्या दिवशी भरीत फार झकास झालं होतं.

एकशे बारा फोटोंतला नानांना एकच पसंत पडला. त्यात बायको मध्ये आली आहे, चेहरा वैतागलेला आहे आणि तिन्ही शेपट्या तिच्या डोक्यातून उगवल्यासारख्या दिसतात. नानांनी तो मोठा करून ओट्यावरच्या भिंतीला टांगला. येणारा-जाणारा थबकतो, "हाई काय शे, नाना?"

"मन्ही पोर शे," नाना अभिमानानं सांगतात. बोट मात्र मधल्या शेपटीवर असतं.