गच्चीवरचे 35 आणि बातम्यांतले 60: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, प्रतिक्रिया लांबलचक होती त्यामुळे उत्तरही लांबणार, वैतागू नका.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही गच्चीत उभं राहून हातातल्या मीटरवर वारा मोजला तर 35 आले, आणि त्याच संध्याकाळी बातम्यांत ताशी 60 किमीचे झोत, म्हणजे हवामान खातं आकडे फुगवतं. आणि दुसरं म्हणजे आवाजाच्या लहरींनी वारा मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रांच्या जमान्यात मी वारा मोजायच्या त्या जुनाट फिरत्या वाट्यांवर अख्खा लेख का लिहिला.

फुगवण्याचं मला अजिबात पटत नाही. वाऱ्याचा नुसता आकडा सांगून काही कळत नाही हो, किती उंचीवर आणि किती वेळाची सरासरी हे सोबत लागतंच. वेधशाळेचं यंत्र मोकळ्या जागेत 10 मीटर उंच खांबावर असतं, आणि आसपास झाड-बिल्डिंग असेल तर तिच्या उंचीच्या निदान 10 पट लांब असावं असा नियम आहे. अगदी सपाट मोकळ्या माळावरसुद्धा 2 मीटरवर वारा 10 मीटरपेक्षा साधारण 20 टक्के कमी भरतो, शहरात तर विचारूच नका. तुम्ही कठड्याच्या आडोशाला उभे असाल तर वारा बिल्डिंगच्या कडेवरून उसळून तुमच्या डोक्यावरून जातो आणि खाली नुसता भोवरा, आणि टाकीच्या बाजूच्या फटीत उभे राहिलात तर उलट जास्तच दाखवेल.

मग वेळेचं. झोत म्हणजे साधारण 3 सेकंदांची सरासरी. चक्रीवादळाचा वेग आपलं खातं 3 मिनिटांच्या सरासरीने सांगतं, अमेरिकावाले 1 मिनिटाच्या, आणि जागतिक हवामान संघटनेचं मानक 10 मिनिटांचं. एकाच वाऱ्याचे हे सगळे आकडे वेगवेगळे येणार आणि सगळे खरे असणार. तुमचा मीटर सरासरीवर होता की मॅक्सवर, ते तुम्ही लिहिलंच नाहीये.

आता वाट्या. आयर्लंडमधल्या रॉबिन्सनने 1846 मध्ये चार वाट्यांचं यंत्र केलं हे बरोबर, पण आज दिसतात त्या तीन वाट्या 1926 च्या, कॅनडातल्या पॅटरसनच्या. छत्रीची खोलगट बाजू वाऱ्याकडे धरली की हात ओढला जातो आणि फुगीर बाजू धरली की वारा घसरून जातो, त्याच फरकावर वाट्या फिरतात, आणि दिशा कुठलीही असो, फिरतातच. दोष आहेत ना, झोत आला की पटकन वेग घेतात पण तो ओसरला की हळू मंदावतात म्हणून सरासरी थोडी जास्त लागते, आणि बेअरिंगमध्ये धूळ किंवा किनाऱ्यावरचं मीठ गेलं की कमी दाखवायला लागतात. म्हणूनच विंड टनेलमध्ये, म्हणजे ठरावीक वेगाचा वारा सोडणाऱ्या बोगद्यात, ठेवून अधूनमधून कॅलिब्रेट करावं, म्हणजे आकडा बरोबर येतो का ते ताडून घ्यावं लागतं. चाळकेवाडीसारख्या पठारावर पवनचक्की लावायची तर हे फार महागात पडतं, कारण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते (वेग दुप्पट तर ऊर्जा आठपट), मोजमाप 10 टक्के चुकलं की ऊर्जेचा अंदाज 33 टक्के चुकला.

अल्ट्रासॉनिक भारी आहे, नाही कोण म्हणतं. 20 सेंटीमीटर अंतरात आवाज एकदा वाऱ्याबरोबर पाठवायचा आणि एकदा वाऱ्याविरुद्ध, सेकंदाला 10 मीटर वाऱ्यात दोन्ही वेळांत फरक पडतो जेमतेम 35 मायक्रोसेकंदांचा, आणि त्यावरून वेग काढायचा, तोही तापमानाची भानगड न येता. पण धो धो पावसात पाण्याचे थेंब सेन्सरवर बसले की रीडिंग बिघडू शकतं, किंमत जास्त, आणि सतत वीज लागते. शिवाय 1996 मध्ये ऑलिव्हिया वादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ताशी 408 किमीचा झोत नोंदला गेला, जो जागतिक हवामान संघटनेने 2010 मध्ये विक्रम म्हणून मान्य केला, तो तीन वाट्यांच्याच यंत्राने बरं का!

तेव्हा पुढच्या वेळी मीटर कठड्यापासून दूर, लांब काठीला बांधून गच्चीच्या मधोमध वर धरा, 10 मिनिटं ठेवा आणि सरासरी नि मॅक्स दोन्ही लिहून घ्या. आणि हो, युनिट काय लावलंय तेही बघा एकदा, तुम्ही नुसतं 35 लिहिलंय, अशा बऱ्याच मीटरवर नॉटचा पर्याय असतो आणि 35 नॉट म्हणजे ताशी जवळपास 65 किमी होतात.