जुनं ॲमल भंगारात टाकू नका

गेल्या रविवारी जुन्या बाजारात एका ताडपत्रीवर जुन्या मोटरसायकलींचे पाच-सहा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे भाग, मांडलेले दिसले. सगळे चकचकीत, कुठे तेलाचा डागही नाही आणि प्रत्येकावर ‘ॲमल’ हे जुन्या इंग्लिश कार्बोरेटर कंपनीचं नाव उमटवलेलं. विकणारा म्हणत होता, ‘‘ओरिजिनल आहे साहेब, इंग्लंडचा जुना स्टॉक.’’ शेजारी विशीतला एक मुलगा पैसे मोजत होता. मी त्याला थांबवलं. घरी येईपर्यंत मनात तेच घोळत होतं, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे बीएसए एम २० ही जुनी इंग्लिश मोटरसायकल आहे. आजोबांनी महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, संथ पण दमदार गाडी. कार्बोरेटर ॲमल २७६, म्हणजे फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची) वाटी वेगळी असलेला जुना प्रकार. तीन वर्षांपूर्वी इंजिन तापलं की आयडलिंग टिकेना. कधी बंद पडायची, कधी आपोआप रेस व्हायची. मीही तेव्हा असाच एक ‘ओरिजिनल’ घेतला, चांगले पैसे मोजून. जुने जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोंडं) त्याच्या आट्यांत बसेनात, वाटीतून पेट्रोल ठिबकत राहिलं आणि स्लाइड, म्हणजे थ्रॉटल फिरवला की वर-खाली होणारा आतला भाग, बॉडीत खुळखुळायची. महिनाभरात तो काढून ठेवला.

नक्कल करणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. प्रामाणिकपणे ‘डुप्लिकेट आहे’ असं सांगून विकला आणि माप बरोबर असलं, तर कित्येक गाड्या त्यावर चालतील. नक्कल अस्सल म्हणून खपवणं मात्र मला सहन होत नाही. यात पैसे जातातच, शिवाय माणूस घरचा खरा ॲमल खराब समजून भंगारात देतो. तो परत मिळत नाही.

बॉडीवर उमटवलेल्या नावाला काही अर्थ नाही, आकडे बघा. स्लाइडवर ६/४ असेल तर ६ हा २७६ मालिकेचा आकडा आणि ४ म्हणजे स्लाइडचा काप एक इंचाच्या चार सोळांश. मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास नसतो. मिनिटाला किती सीसी पेट्रोल वाहतं, ते तो सांगतो. १७० चा जेट खरोखर १७० सोडतो का, हे बाजारात उभं राहून कळणार नाही. पण स्लाइडवर आकडाच नसेल, तर तिथूनच मागे फिरावं.

माझ्या जुन्या कार्बोरेटरचा दोष साधा होता. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, मऊ. स्लाइड वर-खाली होऊन दोन्ही झिजतात, फटीतून जादा हवा शिरते आणि आयडलिंग बिघडतं. भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी बॉडी आतून अगदी हलक्या हाताने बोअर केली आणि स्लाइडवर पितळेची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, चढवली. दोन दिवसांचं काम. इंजिनाकडची फ्लँज, म्हणजे जोडणीची सपाट कड, नट अती आवळून वाकली होती. ती काचेवर पॉलिश पेपर ठेवून मी घरीच सपाट केली. फ्लोट कानाशी हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होतं. म्हणजे तो फुटला होता. त्याला सोल्डरिंगचा बारीक डाग दिला. निडल (स्लाइडला लटकणारी सुई) आणि जेट मात्र नवे मागवले, इंग्लंडमधून. ॲमलचं नाव आज सॉल्झबरीच्या बर्लेनकडे आहे. ॲमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स यांच्या एकत्र येण्यातून १९२७ मध्ये सुरू झालेल्या नावाचे सुटे भाग आजही मिळतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे! आयात शुल्क धरूनही खर्च त्या नकलेपेक्षा कमी आला.

आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलंय. इथेनॉल पाणी धरतं आणि गाडी उभी राहिली की जस्ताच्या वाटीत पांढरी भुकटी साचते. आठवडाभर चालवणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करा.

त्या मुलाने पैसे परत खिशात ठेवले. त्याच्याही आजोबांची एम २० आहे आणि जुना कार्बोरेटर माळ्यावर पोत्यात पडलाय. येत्या रविवारी तो घेऊन माझ्याकडे येतोय. आतला जेट ब्लॉक, म्हणजे जेट धरून ठेवणारा तुकडा, हरवलाय म्हणे. कुणाकडे २७६ चा पडून असेल तर कृपया कळवा.