पाटील सापडतो, पाटलांनी सापडत नाही

चार रात्री झाल्या, वर्डमध्ये पुस्तकाची शब्दसूची करतोय. ४१२ पानं. १९५६पासूनच्या सीमालढ्याच्या आठवणी, बेळगाव-खानापूर भागात गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांच्या उंबऱ्यावर बसून जमवलेल्या.

डीटीपीवाल्याला म्हटलं इंडेक्स पाहिजे. तर म्हणतो, "केलाय की सर, पहिल्या पानावर बघा." अवो, ती अनुक्रमणिका! मला शेवटची सूची पाहिजे, कुठलं नाव कुठल्या पानावर आलंय ती. शेवटी स्वतःच बसलो.

नाव निवडा, ऑल्ट-शिफ्ट-एक्स दाबा, 'मार्क ऑल' करा, झालं म्हणे. कसलं झालं! खानापूर सापडतं, खानापुरात सापडत नाही. ऊकार ऱ्हस्व झाला की त्या यंत्राच्या लेखी गावच बदललं. पाटील सापडतो, पाटलांनी, पाटलांच्या, पाटलांकडे सगळे गायब. मराठीत नाव विभक्तीशिवाय किती वेळा येतं सांगा बघू! सीमालढ्यातल्या १७ जानेवारी १९५६च्या गोळीबाराचं अख्खं प्रकरण 'पाटलांनी सांगितलं' यावर उभं आहे, आणि सूचीत त्यातलं एक पान नाही. उद्या त्यांची नात पुस्तक उघडून आजोबांचं नाव शोधेल, तिला काय दाखवू?

म्हणून एकेक रूप हातानं शोधून खूण केली. 'पाटलांनी' निवडलं की वरच्या चौकटीत 'पाटील' टाइप करायचं, मग मार्क. शेकडो वेळा. रात्री दीडला सूची काढली तर पानांचे आकडे चुकीचे! त्या खुणा म्हणजे महिरपी कंसातला लपलेला मजकूर. तो पडद्यावर दिसत राहिला की ओळी खाली सरकतात, पानं वाढतात आणि सूचीत तेच फुगलेले आकडे येतात. खुणा लपवून, एफ-९ दाबून सूची ताजी केल्यावर आकडे जागेवर आले. हे सूची काढण्याआधी सांगायला काय होत होतं त्या सॉफ्टवेअरला?

त्यात आमच्या शहराला दोन नावं. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावी, आमच्या तोंडी बेळगाव. 'बेळगावी, पाहा बेळगाव' असं घालायला गेलो तर चौकटीत आधीच इंग्रजी 'सी' (See, म्हणजे पाहा) बसलेला. तो खोडायचा, 'पाहा' लिहायचं. मराठी पुस्तकात!

येळ्ळूर गाव अजून बाकी आहे. येळ्ळुरात, येळ्ळुराहून, येळ्ळूरकर, येळ्ळूरकरांनी.