पंधराशे सोळा

परभणीच्या उन्हात दुपारी बाहेर पडणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. लिचेस नावाच्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या ठिकाणी खातं उघडलं की नवख्यालाही १५०० रेटिंग मिळतं. पुढे फक्त एक प्रश्नचिन्ह असतं, म्हणजे आकडा अजून पक्का नाही. बायकोला आकडा दाखवला, प्रश्नचिन्हावर अंगठा ठेवून. आठवड्याभरात आकडा ११०० वर आला आणि प्रश्नचिन्ह गेलं. माझ्याबद्दल आता लिचेसला शंका उरली नव्हती.

दोन वर्षं डोळे फोडून १५१६ गाठले. साडूला सांगितलं, तर म्हणाला, "महिन्याला का?"

त्याचं चुकलं नाही. नुसत्या आकड्याला अर्थच नसतो. अर्पाड इलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही पद्धत बसवली, १९७० मध्ये फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, ती घेतली. तिचं म्हणणं एवढंच, की दोघांत २०० चा फरक असेल तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण घ्यावेत. खेळ किती येतो ते नाही, ज्या घोळक्यात खेळता त्यात कुठं बसता तेवढं कळतं. त्यात ऐन डावात लाइट गेली, वायफाय गेलं, तरी घड्याळ चालूच. एका मे महिन्यात माझ्या रेटिंगमधले चाळीस गुण असेच गेले, आणि जगात कुठंतरी चार-पाच जणांचा खेळ 'सुधारला'.

शेवटी पारावरच्या मामांपुढं बसलो. लाकडी पट, एका हत्तीच्या जागी बाटलीचं झाकण. मी किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडं ठेवला, तर मामा दचकले. "हे काय रे? राजा पळवतोस?" त्यांच्या देशी डावात किल्लेकोट नाही, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि शह बसलेला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखा उडतो. हरलो. नियमांवर ढकललं. मग मामा माझ्या नियमांनी खेळले.

मोबाइलवर सोंगटी दाबली की जाता येईल त्या घरांवर ठिपके उमटतात. इथं उंट हातात धरून मी ठिपक्यांची वाट बघत होतो. मामा तंबाखू मळत होते; एका चालीला माझे तीन डाव झाले असते. अठराव्या चालीला त्यांच्या झाकणानं माझा वजीर खाल्ला.

"मामा, मव्हं रेटिंग पंधराशे सोळा हाय," मी पुटपुटलो.

"असू दे की," मामा सोंगट्या पिशवीत भरत म्हणाले. "उद्या ये. येताना एक झाकण आण, दुसरा हत्ती बी सापडंना झालाय."