'इंग्रजी मास्तरांचा जुना धंदा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

(नाव दिलेलं नाहीत, त्यामुळे महोदय की महोदया हे कळायला मार्ग नाही. चुकलं असेल तर तो दोष माझा नाही.)

'डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे' या माझ्या लेखात मी म्हटलं होतं की हितसंबंध नसलेला, निःपक्षपाती तो 'डिसइंटरेस्टेड' आणि रस नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. त्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देतो. सोयीपुरतं उचललं असं नंतर कुणी म्हणायला नको. "शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेत, पण उघडून बघायचे कष्ट कोण घेणार? लोक बोलतात ती भाषा. असले बारकावे काढून मराठी माध्यमाच्या पोरांना घाबरवणं हा इंग्रजी मास्तरांचा जुना धंदा आहे. उदाहरणं सगळी कोर्टकचेरीची, रोजच्या जगण्यातलं एक नाही. आणि लेख उगाच लांबवलाय."

लेख लांबला असेल. वाचायची सक्ती नव्हती.

शब्दकोशाचा किरकोळ मुद्दा मान्य. मतभेद असला तरी दुसऱ्याचं बरोबर असेल ते बरोबर म्हणावं, अशा मताचा मी आहे. दोन्ही अर्थ कोशात आहेत. इतकंच कशाला, सतराव्या शतकात जॉन डनसारख्या कवीनं 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' याच अर्थानं वापरलाय, आणि 'अनइंटरेस्टेड' तेव्हा 'निःपक्षपाती' म्हणून चालायचा. पुढे दोघांनी जागा बदलल्या. १९६१ मध्ये वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा 'हा कोश बरोबर-चूक सांगतच नाही, जे चालतं ते नुसतं नोंदवतो' म्हणून अमेरिकेतली वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. लेखात घातलं नाही, कारण तो आपल्या म्हणण्याप्रमाणे आधीच लांबला होता.

आता 'धंदा'. इथे मात्र मला थांबावं लागेल.

पहिली गोष्ट, मी मास्तर नाही. कधीच नव्हतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, एबीसीडी पाचवीत पाहिली, आणि उमेदीची वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात मराठी कागदपत्रांचं इंग्रजी करण्यात घालवली. मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजीची भीती कशी वाटते हे मला निनावी माणसाकडून शिकायची गरज नाही. तो पोरगा मीच होतो.

दुसरी गोष्ट, उदाहरणं कोर्टातली का? कारण मी ती तिथे पाहिली. अपिलाचं पेपरबुक (वरच्या कोर्टापुढे ठेवायचा कागदपत्रांचा संच) तयार होत होतं. बांधावरच्या मारामारीची केस, साक्षीदार शेजारच्या शेतातला. जबानीत त्याचं वाक्य होतं : "मला ना ह्यांच्याकडून काही घ्यायचं, ना त्यांना काही द्यायचं." भाषांतर बाहेरून करून आलं होतं आणि त्यात हा माणूस 'अनइंटरेस्टेड' झाला होता. आमच्या वकीलसाहेबांनी त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "ज्याला भांडणात रसच नव्हता, त्यानं पहिली काठी कुणी उगारली हे कसं पाहिलं, असं समोरचा विचारेल. मग काय सांगू?" एका उपसर्गानं चांगला साक्षीदार कच्चा होत होता.

फौजदारी कोर्टात 'इंटरेस्टेड' या शब्दावर निकाल फिरतात, महोदय. १९५३ च्या दलीपसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे नातेवाइकांच्या साक्षीचा प्रश्न होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस (हे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते) यांनी म्हटलं की जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध्याला सहसा गुंतवणार नाही. १९८१ मध्ये कल्की खटल्यात तर कोर्टानं स्वच्छ सांगितलं की नातेवाईक म्हणजे 'इंटरेस्टेड' नव्हे. निकालातून ज्याला काही लाभ व्हायचाय तो इंटरेस्टेड. तिथे साक्षीदार मृताची बायको होती. तिला खटल्यात 'रस' नव्हता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आणि घाबरवण्याचंच बोलायचं तर गोष्ट नेमकी उलटी आहे. हा फरक मराठी पोराच्या डोक्यात आधीपासून असतो. आपल्याकडे 'रस' वेगळा आणि 'हितसंबंध' वेगळा. क्रिकेटमध्ये रस असतो, जमिनीच्या व्यवहारात हितसंबंध असतो. दोन्हींची गल्लत दहावीतला पोरगाही करत नाही. इंग्रजीनं दोन्ही कामं एकाच 'इंटरेस्ट'वर टाकली (व्याजही त्याच्याच गळ्यात) म्हणून तिथे नकार देताना अडचण होते. रस नाही तो 'अन', हितसंबंध नाही तो 'डिस'. एवढं सांगितलं की पोर घाबरत नाही, हसतं. मी माझ्या भाचीवर करून पाहिलंय. आपण कुणावर करून पाहिलंय?

'लोक बोलतात ती भाषा' यावर काही लिहीत नाही. हे वाक्य फेकलं की पुढे विचार करावा लागत नाही, एवढीच त्याची सोय.

रोजच्या जगण्यातलं उदाहरण हवंय ना? घ्या. सोसायटीची सर्वसाधारण सभा, विषय इमारतीच्या रंगकामाचा. तीन कोटेशनं आलीत, त्यातलं एक सेक्रेटरींच्या मेहुण्याचं. मागच्या रांगेत मोबाइलवर बोट फिरवत बसलेले, चहा कधी येतो याची वाट पाहणारे, ते अनइंटरेस्टेड. तिन्ही कोटेशनं शेजारी ठेवून, कुणाशीही सोयरीक नसताना, प्रायमर किती हात मारणार हे विचारणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई डिसइंटरेस्टेड. खुद्द सेक्रेटरी काय, ते आपण ओळखालच. कंपनी कायद्याचं कलम १८४ व्यवहारात हितसंबंध असलेल्या संचालकाला आपला संबंध आधी उघड करून त्या चर्चेतून बाजूला व्हायला लावतं. आमच्या सेक्रेटरींनी मात्र सभेचं अध्यक्षस्थान भूषवलं.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र कुणाच्या कामाला धंदा म्हणायचं असेल, तर खाली नाव लिहायचे कष्ट घ्या.